रोगाची वर्दी : परभणी भागांतील मृत्युनोंदी कशा वाचाव्या

परभणी जिल्ह्यांतील गांवांच्या व घराण्यांच्या इतिहासांत एक वाक्य पुष्कळदां वाचावयास मिळतें. अमुक सालीं मुंबई-पुण्याकडे प्लेग माजला होता, परंतु आमच्या गांवीं त्याचा उपद्रव झाल्याचा उल्लेख कागदपत्रांत सांपडत नाहीं, अशा आशयाचें तें वाक्य असतें. त्याचा पूर्वार्ध इतिहास आहे. उत्तरार्ध मात्र रोगाविषयीं कांहींच सांगत नाहीं. तो दप्तराविषयींचा शेरा आहे. लेखक तो रोगाच्या अभावाचा पुरावा समजून पुढें जातात, आणि कित्येकदां त्यावरून गांवच्या हवेची स्तुतीही करतात. हा समज दूर व्हावा, आणि ज्यांच्या संग्रहीं पाटील-पटवाऱ्यांचीं दप्तरें, वैद्यांचीं बाडें किंवा दवाखान्यांच्या जुन्या वह्या आहेत त्यांनीं हें साहित्य कसें पाहावें याविषयीं कांहीं विचार मांडावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. रोगाचें नांव कागदावर येण्यापूर्वीं तें कोणा तरी माणसानें उच्चारावें लागतें, आणि उच्चारणाऱ्यास बहुधा त्याबद्दल कांहीं सोसावें लागतें. म्हणून नोंदवहींतील ‘ताप’ हा शब्द जितका रोगाचा, तितकाच तो लिहिणाऱ्याच्या ज्ञानाचा, भीतीचा व नोकरीचा इतिहास सांगतो. हे तीन धागे वेगळे केल्याशिवाय त्या शब्दाचा अर्थ लागत नाहीं.

परभणीच्या बाबतींत वर्दी कोणत्या वाटेनें जात असे हें प्रथम पाहूं. सालारजंगांच्या कारकीर्दींत इ. स. १८६५ मध्यें जिल्हाबंदी झाली व मोगलाईंत जिल्हा, तालुका अशी कारभाराची रचना ठरली. गांवच्या पायरीला मात्र जुनीं वतनेंच राहिलीं. वसूल माली पाटलाकडे, बंदोबस्त पोलीस पाटलाकडे आणि लिहिणें पटवाऱ्याकडे. गांवांत माणूस मेलें म्हणजे त्याची खबर पाटलाकडे जावयाची, पटवाऱ्यानें ती मराठींत, बहुधा मोडींत, टिपून ठेवावयाची आणि तालुक्याच्या कचेरींत ती उर्दूंत उतरावयाची. कारण १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागीं उर्दू ही दरबारी भाषा झाली होती. तालुक्याची वाट तुडवणारा मनुष्य बहुधा गांवचा महार असे. मेलेल्याचें घर कोणतें, आजार किती दिवसांचा, त्याच घरांत आणखी कोण अंथरुणास खिळलें आहे, हें सर्व त्याला ठाऊक असे. परगांवच्या सोयऱ्यांस मृत्यूची बातमी पोंचविण्याचें कामही त्याच्याच माथीं होतें. गांवांतील रोगाची सर्वांत ताजी माहिती ज्याच्या पायांखालून जात होती, त्याला तें विचारून लिहून घेण्याची रीत मात्र कोठेंच नव्हती.

या साखळींत डॉक्टर कोठें होता? हैदराबादेस १८४६ मध्यें वैद्यकशाळा निघाली व तिचें शिक्षण आरंभीं उर्दूंतून होत असे. तिच्यांतून बाहेर पडलेले हकीम संस्थानच्या दवाखान्यांवर जात. हिंगोलीस हैदराबाद कॉन्टिंजंटची छावणी असल्यामुळें तेथें लष्करी डॉक्टर असत. ती फौज १९०३ मध्यें हिंदुस्थानच्या सैन्यांत सामील झाली. (हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांतच होती, ती १ मे १९९९ रोजीं वेगळी झाली.) बाकी खेड्यापाड्यांत वैद्य, युनानी हकीम, सुईण आणि देवऋषी. म्हणजे मृत्यूचें कारण लिहिणारा मनुष्य वैद्यक न शिकलेला, आणि वैद्यक शिकलेला मनुष्य लिहिण्याच्या जागेपासून कित्येक कोस दूर, अशी ही व्यवस्था होती. तिच्यांतून रोगाचें नेमकें नांव बाहेर पडलें तर तें नवल. न पडलें तर तो नियम.

शब्दांचा घोळ याहून मोठा आहे. पटकी, वाखा, जरीमरी, महामारी, मोडशी हे शब्द जुन्या मराठी कागदांत येतात. त्यांतील एकही एकाच रोगाला घट्ट बांधलेला नाहीं. जरीमरी हा रोगही आहे व देवताही. मोडशी म्हणजे साध्या अजीर्णापासून प्राणघातक वांति-रेचापर्यंत कांहींही असूं शकतें. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ मध्यें गोव्यास छापलेल्या आपल्या ग्रंथांत हा शब्द नोंदला आहे, आणि पुढें तो युरोपीय भाषांत फिरत फिरत फ्रेंचांच्या तोंडीं ‘कुत्र्याचें मरण’ अशा अर्थाचा होऊन बसला. मराठी शब्दाचें असें देशांतर झालेलें पाहून गंमत वाटते. परंतु असेंच देशांतर परभणीच्या तालुका-कचेरींत रोज होत होतें. उर्दू रकान्यांत हैजा, ताऊन, चेचक आणि बुखार इतकींच ठळक नांवें बसत. पटवाऱ्यानें ‘जरीमरी’ लिहिलें असतां कारकुनानें त्याचा हैजा करावयाचा कीं बुखार, हें त्या कारकुनाच्या समजुतीवर अवलंबून. म्हणून एकाच सालचा गांवचा मराठी कागद व तालुक्याचा उर्दू तक्ता असे दोन्ही ज्यांना मिळतील, त्यांनीं ते कधींही वेगवेगळ्या बासनांत ठेवूं नयेत. दोहोंमधील फरक हाच त्यांतील मोलाचा मजकूर आहे.

या मुलखाच्या आसपासच्या साथीविषयीं डॉक्टरांनीं लिहिलेला जुना छापील पुरावा १८१८ च्या महामारीचा आहे. १८१७ मध्यें बंगाल्यांत उठलेली ही साथ पुढील सालीं नागपूर, जालना, औरंगाबाद, अहमदनगर, शिरूर, पुणें अशी उतरत पनवेलीवरून मुंबईस पोंचली. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमींत फौजा याच रस्त्यांनीं चालत होत्या. मुंबईच्या मेडिकल बोर्डानें ठिकठिकाणच्या लष्करी डॉक्टरांचीं पत्रें एकत्र करून १८१९ मध्यें छापलीं. तीं वाचतांना एक गोष्ट मनांत भरते. त्या डॉक्टरांना रोगाच्या कारणाचें ज्ञान शून्य होतें. दूषित पाण्याचा संबंध लंडनच्या जॉन स्नोनें दाखविला तो १८५४ मध्यें, आणि कॉखनें रोगजंतु निश्चित केला तो १८८३-८४ मध्यें. असें असतांही साथ कोणत्या ठिकाणाहून कोणत्या ठिकाणीं गेली, हें त्यांनीं असें लिहून ठेविलें कीं, आज दोनशें वर्षांनीं नकाशावर साथीची रेघ ओढतां येते. छावणीबाहेरचीं गांवें मात्र त्यांत वाटेवरचीं म्हणून ओझरतीं येतात. जालन्याच्या पूर्वेस गोदा, दुधना व पूर्णा यांच्या कांठच्या खेड्यांत काय झालें, हें त्या पत्रांतून कळत नाहीं. फौजेचा डॉक्टर फौजेपुरता जबाबदार होता. त्याला शिपायाच्या आजाराची खबर देण्यांत भय नव्हतें. उलट न देण्यांत होतें.

यावरून रोग जाणणें व रोग कळविणें या दोन भिन्न गोष्टी आहेत हें ध्यानांत येईल. न जाणतांही चोख कळवितां येतें. याच्या उलट प्रकार, म्हणजे जाणूनही न कळविणें, मुंबईंत १८९६ पासून घडला. मोगलाईंत जें मुकाट्यानें झालें तें मुंबईंत उघड वादाच्या रूपानें झालें व छापलें गेलें; म्हणून परभणीच्या वहींतील ‘ताप’ कसा तयार होतो हें समजण्यासाठीं थोडा वेळ मुंबईस गेलें पाहिजे.

मुंबईच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याचें ४२१ वें कलम प्रसिद्ध आहे. सार्वजनिक रुग्णालयाखेरीज कोणत्याही राहत्या जागेंत घातक रोग असल्याचें ज्या वैद्यव्यवसायीस कळेल, त्यानें ती खबर शक्य तितक्या लवकर आरोग्याधिकाऱ्यास द्यावी, असें बंधन त्या कलमानें घातलें. म्हणजे प्लेगच्या आधीं आठ वर्षें कायदा तयार होता. विद्याही तयार होती. हाँगकाँग येथें येर्सें व किटासाटो यांनीं १८९४ मध्यें प्लेगच्या जंतूचा शोध लावला होता. उणीव होती ती हें नांव घेणाऱ्या माणसाची. तो मनुष्य डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस. ते मूळचे गोव्यांतील हडफडें गांवचे, ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकलेले व महानगरपालिकेचे सभासद होते. सप्टेंबर १८९६ मध्यें धान्याच्या वखारींनीं भरलेल्या मांडवी भागांत त्यांनीं कांहीं रोगी पाहिले व २३ सप्टेंबर रोजीं स्टँडिंग कमिटीपुढें हा गांठीचा प्लेग आहे असें स्पष्ट सांगितलें. सरकारी भाषा आरंभीं ‘संशयास्पद ताप’ या थाटाची होती. पुढें हाफकिन यांनीं जंतु पाहून व्हिएगस यांचें निदान खरें ठरविलें. त्या भागांत अशा गांठीचे रोगी त्यापूर्वींही कांहीं आठवडे पडत होते, असें मागाहून झालेल्या चौकशींत निघालें. तेव्हां ते रोगी पाहणारे दुसरेही वैद्य-डॉक्टर असलेच पाहिजेत. व्हिएगस हे रोग पाहणारे पहिले नव्हेत. त्याचें नांव अधिकाऱ्यांच्या तोंडावर घेणारे पहिले होत. आमच्या मतें हा मान अधिक मोठा आहे.

नांव घेतल्यावर काय झालें? ६ ऑक्टोबर १८९६ रोजीं कमिशनर स्नो यांचा जाहीरनामा निघाला व रोग्यास सक्तीनें रुग्णालयांत नेण्याचा व घर खालीं करून धुण्याचा अधिकार चालूं लागला. (हे स्नो लंडनच्या जॉन स्नोहून निराळे.) २९ ऑक्टोबर रोजीं गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. घरांच्या भिंतीवर ‘यू. एच्. एच्.’ हीं अक्षरें, म्हणजे मनुष्यवस्तीस अयोग्य अशी खूण, रंगवूं लागले. लक्षावधि लोक शहर सोडून गेले. अशा वेळीं गिरगांवांतील किंवा कामाठीपुऱ्यांतील एखाद्या सामान्य डॉक्टराची स्थिति डोळ्यांपुढें आणावी. त्यानें दाखल्यावर प्लेग लिहिलें कीं, ज्या कुटुंबानें त्याला विश्वासानें बोलाविलें त्याच कुटुंबाचा कर्ता डोलींतून जाणार, चूल विझणार, सामान जळणार, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या चाळींत त्या डॉक्टरास कोणी बोलावणार नाहीं. ‘मुदतीचा ताप’, ‘फुप्फुसदाह’ किंवा ‘क्षय’ लिहिलें तर यांतलें कांहींच नाहीं. तेव्हां शहरांत क्षयाची व तापाची संख्या एकाएकीं वाढली यांत आश्चर्य तें काय! एकंदर मृत्यूंची वाढ प्लेग म्हणून नोंदलेल्या मृत्यूंपेक्षां पुष्कळच मोठी आहे, हें त्या काळच्या अधिकाऱ्यांच्याही लक्षांत आलें होतें व त्यांच्या अहवालांत तें आलें आहे. नेहमींच्या सालाहून जास्त किती मेले तें मोजावें व दाखल्यांतील नांवांवर विसंबूं नये, ही रीत तेव्हां त्यांना पत्करावी लागली. २०२०-२१ च्या करोनाच्या साथींत जगभर हीच रीत पुन्हा वापरली गेली.

या डॉक्टरांना खोटे म्हणावें काय? सरकारी अहवाल त्यांस लपवालपवीचे साथीदार मानतात. उलट राष्ट्रीय पक्षाचीं वृत्तपत्रें झडत्यांविषयीं लिहितात, पण दाखल्यांविषयीं फारसें बोलत नाहींत. आम्हांस असें वाटतें कीं, वर्दी दिल्यानें रोग्यास उपचार मिळण्याऐवजीं शिक्षा मिळते असा अनुभव आला म्हणजे वैद्याचें मौन हा त्याचा रोग्याशीं असलेल्या इमानाचाच एक भाग होतो. तो भाग समाजास घातक ठरला, हेंही तितकेंच खरें. इंग्लंडांत १८८९ च्या कायद्यानें डॉक्टराला खासगी रोग्याच्या प्रत्येक वर्दीमागें अडीच शिलिंग मिळत. तरीही तेथील कित्येक डॉक्टरांनीं रोग्याच्या गुप्ततेचा मुद्दा काढून विरोध केला. मुंबईंत भय मात्र होतें.

वैद्यमंडळींविषयीं एक गोष्ट नमूद करणें अवश्य आहे. प्लेग त्यांना अगदींच अनोळखी वाटला नाहीं. सुश्रुतानें क्षुद्ररोगांत सांगितलेली अग्निरोहिणी, जी कांखेंत उठते व सात, दहा किंवा पंधरा दिवसांत प्राण घेते, तिच्याशीं त्यांतील कित्येकांनीं हा रोग जुळविला. कोणी त्याला ग्रंथिक ज्वर म्हटलें. हें निदान शास्त्रदृष्ट्या कितपत बरोबर, हा वाद येथें नको. मुद्दा इतकाच कीं, एखाद्या बाडांत १८९७ नंतरच्या पानांवर अग्निरोहिणीवरील पाठ नव्यानें उतरून घेतलेला आढळला, समासांत औषधांचीं मापें वाढविलेलीं दिसलीं, तर तें प्लेगच्या वर्दीइतकेंच बोलकें समजावें. वैद्यास तक्ता भरावयाचा नव्हता; त्यामुळें त्याला आपलें ज्ञान लपविण्याचें कारणही नव्हतें.

पुण्याची हकीकत वाचकांस ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगाचा कायदा झाला, रँड यांची कमिटी आली, गोऱ्या शिपायांनीं घरें झडलीं आणि २२ जून रोजीं रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच साथींत सावित्रीबाई फुले यांनीं रोग्यांना आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या उपचारकेंद्रांत नेण्याचें काम केलें व १० मार्च १८९७ रोजीं त्या प्लेगनेंच वारल्या. झडतीवाला शिपाई न येतांही रोगी दवाखान्यांत जाऊं शकतो, हें त्यांच्या कामावरून दिसतें.

आतां परत परभणीस येऊं. १८९७ चा कायदा इंग्रजी मुलखाचा. निजामाच्या मुलखास तो लागू नव्हता. गंमत अशी कीं, हैदराबाद संस्थान विलीन झालें, ‘ब’ वर्गाचें राज्य झालें, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्र झाला. तरी त्या कायद्याच्या पहिल्या कलमांत ‘१ नोव्हेंबर १९५६ च्या लगतपूर्वीं ब वर्गाच्या राज्यांत असलेला प्रदेश वगळून’ अशा अर्थाचे शब्द तसेच राहिले, आणि ते गळाले २०२० च्या दुरुस्तीनें. राज्यानें स्वतंत्रपणें काय विस्तार केले तो प्रश्न निराळा. केंद्रीय कायद्याच्या मजकुरांत मात्र सव्वाशें वर्षें परभणी बाहेरच होती. जुन्या सरहद्दी कायद्याच्या कागदांत किती काळ जिवंत राहतात याचा हा मासला आहे.

रोगाला ती सरहद्द माहीत नव्हती. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड अशी हैदराबादेकडे जाणारी मीटर मापाची आगगाडी १९०० च्या सुमारास सुरू झाली, आणि मुंबईची वाट जी आठवड्यांची होती ती एका-दोन दिवसांवर आली. त्याच वेळीं १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला. १८९१ च्या शिरगणतींत परभणी जिल्ह्याची वस्ती आठ लाखांच्या वर होती. १९०१ मध्यें ती साडेसहा लाखांच्या खालीं आली. दहा वर्षांत दर पांच माणसांमागें जवळजवळ एक माणूस कमी! यांतील किती उपासानें मेले, किती पटकीनें, किती तापानें, आणि किती वऱ्हाडाकडे निघून गेले, याचा उलगडा मृत्युनोंदींवरूनच व्हावयास पाहिजे. तेथेंच नोंद सर्वांत दुबळी होते. दुष्काळांत गांव उठलें म्हणजे पाटील-पटवारीही उठतात. वही उघडणार कोण?

तापाच्या रकान्याविषयीं एक स्मरण येथें देतों. याच निजामाच्या राज्यांत, सिकंदराबादेस, २० ऑगस्ट १८९७ रोजीं रोनाल्ड रॉसनें डांसाच्या पोटांत हिंवतापाचा जंतु पाहिला. जगाला तापाचा उलगडा जेथून झाला त्याच राज्यांत खेड्यांच्या वह्यांत पुढेंही सर्व ताप एकच राहिले.

१९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाचें उदाहरण तर संग्राहकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावें. हा रोग जूनमध्यें मुंबईस आला. त्याची दुसरी व भयंकर लाट सप्टेंबरापासून पसरली. एकट्या मुंबई शहरांत ६ ऑक्टोबर रोजीं ७६८ मृत्यु नोंदले गेले. आतां हैदराबादी फसली सालाची गणना पाहा. त्याचा अझूर महिना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत सुरू होई. म्हणजे १३२७ फसली संपून १३२८ लागलें तें नेमकें या लाटेच्या ऐन भरांत. परिणाम असा कीं, फसली सालवार तक्ते पाहणाऱ्यास एकच साथ दोन सालांत तुटलेली दिसते, आणि एका सालाचा तक्ता हातीं लागला व दुसऱ्याचा न लागला तर साथ अर्धीच दिसते. त्यांतच इन्फ्ल्युएन्झाला वेगळा रकाना नव्हता. तो तापांत गेला. डॉक्टर युद्धावर गेलेले, वर्दी देणारे व लिहिणारे स्वतःच आजारी. ब्रिटिश हिंदुस्थानांत, जेथें नोंदीची व्यवस्था अधिक जुनी होती, तेथेंही सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनीं आरंभीं धरलेला साठ लाखांचा अंदाज पुढील अभ्यासकांना फार अपुरा वाटला. निरनिराळ्या हिशेबांनीं तो सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत व त्याहीपुढें गेला. हैदराबाद संस्थानची वस्ती १९११ मध्यें १ कोटी ३३ लाख ७४ हजार होती. १९२१ मध्यें ती १ कोटी २४ लाख ७१ हजार भरली. नऊ लाखांची ही तूट कोणत्याही एका वहींत सांपडावयाची नाहीं. ती अनेक वह्यांतील कोऱ्या पानांत आहे.

हा केवळ जुन्या राज्याचा दोष असें कोणी म्हणेल, म्हणून अलीकडची शेजारची गोष्ट सांगतों. ऑगस्ट १९९४ मध्यें परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं पिसवांचा उपद्रव होऊन मागोमाग गांठीचे ताप आले. देशांत प्लेगचे रोगी नोंदले गेल्याला त्या वेळीं २८ वर्षें झालीं होतीं. १९६६ मध्यें कर्नाटकांतील कोलार जिल्ह्यांत ते शेवटचे आढळले होते. तेव्हां प्लेग पुस्तकांत वाचलेले पण डोळ्यांनीं न पाहिलेले डॉक्टर सर्वत्र होते. सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसाचा प्लेग जाहीर झाला, लोकांनीं शहर सोडलें, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ खासगी डॉक्टरही निघून गेले. ज्यांनीं वर्दी द्यावयाची तेच गेल्यावर तक्ता भरणार कोण, हा १८९६ चाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. या अनुभवांतून १९९७-९८ मध्यें संसर्गजन्य रोगांच्या पाहणीची एक राष्ट्रीय योजना व पुढें नोव्हेंबर २००४ मध्यें एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प निघाला. महाराष्ट्र त्याच्या पहिल्या टप्प्यांतच होता. त्यांत तीन नमुने ठरले. उपकेंद्राच्या सेविकेनें लक्षणांवरून भरावयाचा तो ‘एस’, डॉक्टरानें निदानावरून भरावयाचा तो ‘पी’, आणि प्रयोगशाळेनें खात्री करून भरावयाचा तो ‘एल’. आमच्या दृष्टीनें या रचनेंतील मोठें शहाणपण असें कीं, पाहिलेलें, समजलेलें व सिद्ध झालेलें या तीन पायऱ्या तींत प्रथमच वेगळ्या कागदांवर आल्या. परभणीच्या पटवाऱ्याला या तिन्ही एकाच शब्दांत कोंबाव्या लागत होत्या.

तरी डॉक्टरांच्या मौनाचा प्रश्न सुटला असें नाहीं. सरकारी दवाखान्यांतून तक्ते जातात. खासगी डॉक्टरांकडून येणारी वर्दी देशभर तोकडी पडते, असें पाहण्यांत वारंवार आलें आहे. कारणें विचारलीं तर कळवावयाचे रोग कोणते हें नीट माहीत नसणें, वेळ नसणें, पाठविलेल्या वर्दीचें पुढें काय झालें तें न कळणें आणि रोगी दुखावेल ही भीति, अशीं सांगितलीं जातात. शेवटचें कारण मांडवीच्या चाळींतून थेट आलेलें आहे. क्षयाच्या बाबतींत सरकारनें ७ मे २०१२ रोजीं वर्दी सक्तीची केली. मार्च २०१८ मध्यें न देणाऱ्यास दंडसंहितेचा धाक घातला, आणि त्याच सुमारास वर्दी देणाऱ्या खासगी डॉक्टरास पांचशें रुपये देण्याचेंही ठरविलें. अडीच शिलिंगांचा इंग्रजी तोडगा असा सव्वाशें वर्षांनीं येथें आला. १८९६ च्या मानानें एक फरक मात्र खरा व मोठा आहे : क्षयाची वर्दी दिल्यानें रोग्यास मोफत औषध मिळतें, त्याचें घर झडलें जात नाहीं.

आतां संग्राहकांसाठीं. गांवच्या मृत्युनोंदींत रोगाचें नांव शोधूं नये. तें असलें तरी त्यावर एकदम विश्वासूं नये. घरांकडे पाहावें. एकाच घरांतील दोन-तीन माणसें आठ-पंधरा दिवसांत गेलेलीं आहेत काय? मेलेल्यांत म्हातारे व तान्हीं मुलें नेहमींप्रमाणें आहेत कीं विशी-तिशींतील धडधाकट माणसें अधिक आहेत? दुसरें आढळलें व महिना आश्विन-कार्तिक, साल १९१८ असेल, तर ‘ताप’ या शब्दाखालीं काय आहे हें सांगावयास नको. नंतर अक्षर पाहावें. हस्ताक्षर मध्येंच बदललें असेल तर पटवारी पडला किंवा पळाला. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईनें, एकाच बैठकींत उतरलेल्या दिसल्या, तर त्या तारखांवर भार देऊं नये. जमिनीच्या वारसाच्या नोंदी त्याच सालीं एकाएकीं वाढल्या असतील तर ती निराळ्या हातानें दिलेली साक्ष होय. मृत्यु लपवितां येतो, वारसा लपवून चालत नाहीं.

आणखी एक साधन फारसें कोणी पाहत नाहीं. नाशिक, त्र्यंबक, पैठण येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, आणि गंगाखेडासारख्या गोदाकांठच्या गांवीं जुन्या उपाध्यांच्या घरीं कांहीं कागद उरले असतील तर त्यांतही, अस्थि घेऊन आलेल्या कुटुंबांच्या नोंदी मिळण्याजोग्या आहेत. उपाध्यायाला रोगाशीं कर्तव्य नव्हतें व सरकाराशींही नव्हतें. त्यानें फक्त नांव, गांव, कुळी व कोणाचें कार्य केलें इतकेंच लिहिलें. या वह्या पटवाऱ्याच्या वहीशेजारीं मांडल्या म्हणजे कोणत्या घरचा मृत्यु कचेरीपासून लपला व कोणत्या घरचा नाहीं, हें घरटी ताडून पाहतां येईल.

ज्यांच्याकडे असे कागद आहेत त्यांनीं ते विकतांना किंवा रद्दींत घालतांना निदान १३०६ ते १३१० आणि १३२७-२८ या फसली सालांचीं पुडकीं वेगळीं काढून ठेवावीं, बांधणी न मोडतां ठेवावीं, व त्यांतील कोरीं पानें फाडूं नयेत.